दारात न थांबलेला बँडमास्तर

अध्यक्ष महोदय आणि रसिक हो,

आधी एक खुलासा करतो. या सभागृहाच्या मधल्या वाटेत कार्यकर्त्यांनी जादा खुर्च्या मांडल्या होत्या. त्या मी आल्या आल्या उचलायला लावल्या, म्हणून मागे बरीच मंडळी उभी आहेत. त्यांचे पाय दुखणार, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पण ती वाट मला शेवटी लागणार आहे.

आज मी एका बँडमास्तरांविषयी बोलणार आहे. बँडमास्तर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे, कारण माझा जन्मच बँडपार्टीच्या घरातला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, घामानं भिजलेली कॉलर, आणि वरातीच्या तोंडाशी उलटं चालत वादकांना खुणावणारा माणूस. माझे आबा असे होते. क्लॅरोनेट वाजवायचे. आमच्याकडे 'क्लॅरिनेट' कुणी म्हणत नसे. लग्नसराईत एका दिवशी दोन-दोन सुपाऱ्या असायच्या. सकाळी एका गावात वाजवायचं, टेम्पोत वाद्यं टाकायची, आणि दुपारी दुसऱ्या गावात उतरायचं. मी आठव्या वर्षी खुळखुळा वाजवत त्या टेम्पोत चढलो आणि बाराव्या वर्षी साइड ड्रम माझ्या गळ्यात आला.

त्या धंद्यातली एक गोष्ट मला लहानपणी कळायची नाही. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघायचा. सगळी वाट आम्ही वाजवत न्यायचो. आमच्याशिवाय कुणी एक पाऊल पुढं टाकत नसे, वरातीची चाल आमच्या हातात. मग मांडवाचं दार यायचं. तिथं ओवाळणी व्हायची, नवरा आत, करवल्या आत, पाहुणे आत, आणि आम्ही बाहेर. मंगलाष्टकं आत चालू असायची तेव्हा आम्ही भिंतीच्या सावलीला ओठ पुसत बसलेलो. मग आतून आरोळी यायची, 'वाजवा रे वाजवा!' की उठून, बाहेरूनच, जोरात वाजवायचं. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, अक्षता पडल्याचं फक्त त्या आरोळीवरून कळायचं. जेवण शेवटच्या पंगतीला.

हलगी कुणाच्या हातात असावी, सनई कुणी फुंकावी, आणि तो वाजवणारा माणूस कुठपर्यंत यावा, हे आपल्याकडे जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. आबा त्याविषयी कधी बोलले नाहीत. त्यांचं क्लॅरोनेट मात्र दारापाशी आलं की थोडं लांब धरलेल्या सुरावर थांबायचं. सूर आत जायचा. ते मी मोठेपणी ओळखलं.

आता ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्यांच्याकडे येतो. त्यांचं नाव विल्यम पॅट्रिक फॉस्टर. जन्म १९१९ सालचा, अमेरिकेतल्या कान्सास राज्यातलं कान्सास सिटी हे गाव. रंगानं काळे. लहानपणी हातात आलं ते क्लॅरिनेट. (हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.) पुढे ते कान्सास विद्यापीठात संगीत शिकायला गेले. त्यांना संचालक व्हायचं होतं, म्हणजे हातात छडी घेऊन वाद्यवृंदासमोर उभं राहायचं होतं. तिथल्या एका अधिष्ठात्यांनी त्यांना समजावलं, की काळ्या संचालकाला या देशात नोकऱ्या नाहीत, तेव्हा दुसरं काही बघा. तरुण फॉस्टर यांनी त्यावर मनाशी ठरवलं, की काळ्या मुलांच्या एखाद्या कॉलेजात जायचं, आणि या कान्सासच्या बँडपेक्षा सरस बँड उभा करायचा. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे.

१९४१ साली पदवी घेतली. मग मिसुरीतल्या एका हायस्कूलात, जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीत, अलाबामातल्या टस्कीगीत थोडी थोडी वर्षं काढली, आणि १९४६ साली फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहॅसी इथं फ्लोरिडा ए अँड एम या कॉलेजात आले. सव्वीस वर्षांचे होते. तिथून ते निवृत्त झाले १९९८ साली, ऐंशीला टेकलेले असताना. बावन्न वर्षं, एक संस्था, एक बँड.

बावन्न वर्षांचा हिशेब लक्षात घ्या. विद्यार्थी चार वर्षांनी जातो. म्हणजे बँडमास्तर आयुष्यभर गळक्या घागरीत पाणी भरत असतो. दर वर्षी सगळ्यात तयार झालेली पोरं निघून जातात आणि पाय कुठला उचलायचा हेही न कळणारी नवी पोरं दारात उभी राहतात. शास्त्रीय गायकाचा रियाज त्याच्याच गळ्यात साठतो. बँडमास्तरांचा रियाज दुसऱ्यांच्या ओठांत आणि गुडघ्यांत साठतो, आणि तेच दर उन्हाळ्यात गाव सोडून जातात. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं बँड शिकवला. जूनमधल्या त्या पहिल्या आठवड्याची भीती मला निवृत्तीनंतर आजही वाटते. हे बावन्न वेळा करायचं!

ते कॉलेज कसलं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गुलामगिरी कायद्यानं संपली, पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. १८८७ साली टॅलाहॅसीत काळ्या मुलांसाठी एक अध्यापक विद्यालय निघालं, पंधरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक. तेच वाढत वाढत १९५३ मध्ये विद्यापीठ झालं. इथं मला आपल्या जोतीरावांची आठवण होते. त्या विद्यालयाच्या चौदा वर्षं आधी, १८७३ साली, पुण्यात बसून त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना. टॅलाहॅसीतली ती पंधरा मुलं आणि भिडे वाड्यातल्या त्या मुली, माझ्या डोळ्यांपुढे एकाच बाकावर बसतात.

त्याच गावात, अगदी जवळ, गोऱ्यांचं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ होतं. तिथं १९६२ पर्यंत एकाही काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला नव्हता. काळ्या माणसाला पुढचं शिकायचं असेल तर उत्तरेकडे जावं लागे. फॉस्टर यांनी नोकरी सांभाळून ते केलं. १९५० साली डेट्रॉइटमधल्या वेन विद्यापीठातून एम.ए., आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून डॉक्टरेट. म्हणजे हे बँडमास्तर डॉक्टर होते.

अमेरिकेतल्या कॉलेजचा बँड ही काय चीज आहे, ते आपल्याकडे फारसं माहीत नाही. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंडाकृती चेंडूचा. खेळाच्या मध्यंतरात, ज्याला ते हाफटाइम म्हणतात, बँड मैदानात उतरतो. मुळात ही लष्करी बँडची परंपरा. सरळ रांगा, सरळ चाल, कवायत. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडनं रांगा मोडून मैदानावर 'पी' हे इंग्रजी अक्षर काढलं. तिथून पुढे मैदान म्हणजे पाटी आणि वादक म्हणजे खडू, असं झालं. प्रेक्षक उंच गॅलरीत असतात, त्यांना वरून आकृत्या दिसतात.

त्यांचं मैदान शंभर यार्ड लांब, त्यावर दर पाच यार्डांवर एक पांढरी रेघ. वादकानं दोन रेघांमधलं अंतर आठ पावलांत तोडायचं. म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं. उंच पोराचंही तेवढंच आणि बुटक्या मुलीचंही तेवढंच. मान खाली घालून रेघ बघायची नाही, पायाला ती कळली पाहिजे. गळ्यात वाद्य, काहींच्या अंगाभोवती सूझाफोन नावाचा पितळी अजगर, पंधरा किलोच्या वरचा. आणि हे सगळं करताना सुरात वाजवायचं.

इथं एक मोठी अडचण येते, आणि ती मला फार आवडते. आवाज हवेतून एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर. मैदानाच्या एका टोकाचा ड्रम दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मिनिटाला १२० पावलांची चाल असेल तर एका पावलाला अर्धा सेकंद मिळतो. म्हणजे दूरच्या वादकाला ठेका ऐकू येतो तो अर्धं पाऊल उशिरा! त्यानं कानावर विश्वास ठेवून वाजवलं, तर त्याचा सूर प्रेक्षकांपर्यंत आणखी उशिरा पोचतो आणि सगळा चिखल होतो. तेव्हा अशा बँडमध्ये पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की दूरच्या आवाजाच्या मागे जायचं नाही. डोळ्यांनी ड्रम मेजरचा, म्हणजे पुढं उभं राहून बँडला खुणावणाऱ्या म्होरक्याचा, हात बघायचा, त्या हाताबरोबर वाजवायचं. वादकाला कानावर अविश्वास ठेवायला शिकवणं किती कठीण आहे, ते तबलजींना विचारा.

आबांना यातलं विज्ञान माहीत नव्हतं. पण लांब वरातीत ते ढोलवाल्याला नेहमी मधोमध घ्यायचे, म्हणजे पुढच्यालाही आणि मागच्यालाही सारखंच अंतर. आमच्या पार्टीत बेळगावच्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार काका होते, नोटेशन वाचणारे आमच्यात तेवढेच. 'पाय बघून वाजवा, आवाज ऐकून नको,' असं ते ओरडायचे. त्यांचं म्हणणं मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडलं, चाळीस वर्षांनी.

मग फॉस्टर यांनी वेगळं काय केलं? त्यांनी ही लष्करी चाल घेतली आणि तिच्यात आपल्या माणसांचं अंग ओतलं. काळ्या वस्तीत रेडिओवर जे वाजत होतं, ज्यावर लोक नाचत होते, ते त्यांनी मैदानात आणलं. त्यांच्या मुलांचा गुडघा उंच उठतो, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत. वादक वाजवताना वाकतात, झुलतात, वळतात, मग वाद्य बाजूला धरून रीतसर नाचतात, आणि एका ठोक्यात पुन्हा रांगेत. सगळं तोंडपाठ, हातात कागदाचा कपटा नाही. मैदानावर येताना मिनिटाला फक्त वीस पावलं टाकण्याची एक चाल त्यांनी बसवली, एका पावलाला तीन सेकंद. आणि तिच्याच पाठोपाठ, न सांगता, इतकी जलद चाल की पाय मोजता येत नाहीत.

लोकांना वाटतं कवायतीपेक्षा नाच सोपा, मोकळा. उलट आहे. गुडघा एवढा उंच उचलला की अंग हलतं, अंग हललं की तोंडातलं पितळ दातांवर आपटतं आणि सूर फुटतो. म्हणून पाऊल चवड्यावर अलगद उतरवायचं, कंबरेच्या वरचा भाग जणू पाण्यानं भरलेली थाळी आहे असा न्यायचा. आणि तीन सेकंदांचं पाऊल हे तर सगळ्यात अवघड. जलद चालीत चूक पळून जाते. संथ चालीत एका पायावर उभं राहून तोल सांभाळताना शेजाऱ्याच्या बोटभर पुढं गेलात, तर हजारो लोक ते बघत बसतात. आपल्या सांगलीकरांना हे मी सांगायला नको. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात इथल्या सुमारे चारशे लेझीमपटूंनी मैदान गाजवलं होतं. लेझीमच्या प्रकारांतला 'चार आवाज' साधतो, 'आदी लगाव' जमतो, पण 'दो रुख'ला रांग फुटते ती तिथंच, वेग कमी होतो त्या क्षणी.

आधी त्या बँडमध्ये थोडेच वादक होते. शंभर झाले तेव्हा नाव पडलं 'मार्चिंग हंड्रेड'. पुढे संख्या दोनशेवर, तीनशेवर गेली, नाव शंभराचंच राहिलं. फॉस्टर त्याच वेळी विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुख होते आणि बसून वाजवणाऱ्या सिम्फनिक बँडचेही संचालक. शनिवारी मैदानात ज्यानं नाच केला, त्याला सोमवारी वर्गात बाख या जर्मन संगीतकाराचा एकेक सूर शुद्ध लावावा लागे. मैदानातलं कौतुक वर्गातल्या कच्चेपणाला झाकायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. आणि त्या पोरांतली कितीतरी पुढे फ्लोरिडाच्या आणि जॉर्जियाच्या शाळांतून बँडमास्तर झाली. त्या विद्यापीठाची ती रीतच होती. जगप्रसिद्ध सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली तिथंच शिकला, आणि कीर्ती मिळण्याआधी फोर्ट लॉडरडेलच्या एका हायस्कूलात बँड शिकवत होता.

एक गोष्ट ओघात सांगतो, थोडी वाट सोडून. आबांच्या बँडमध्ये जी हिंदी सिनेमाची गाणी वाजायची, त्यांतली तुताऱ्यांची लकेर, ते घसरते सूर, कुठून आले? १९३५ च्या सुमाराला लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला, तेही काळे अमेरिकन जॅझवादक. त्यांच्याबरोबर बसून वाजवायला मिळालं ते गोव्याच्या पोरांना, कारण गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्तांनी, म्हणजे तिथल्या संगीत मास्तरांनी, त्यांना नोटेशन शिकवलेलं होतं. तीच गोंयकार मंडळी पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली, तिथून ते सूर रेकॉर्डवर आले, आणि रेकॉर्डवरून ऐकून ऐकून आमच्या बँडपार्टीत. फॉस्टर यांच्या मुलांचा आणि माझ्या आबांचा असा एक आतेमामेसारखा संबंध लागतो.

मायामी शहरात १९४७ पासून दर वर्षी एक मोठा सामना भरायचा, फ्लोरिडा ए अँड एमचा आणि दुसऱ्या एखाद्या काळ्या कॉलेजचा. त्या वेळी हा बँड शहराच्या रस्त्यावरून मिरवणुकीनं निघायचा. ज्या हॉटेलांत या मुलांना खोली मिळत नव्हती, त्यांच्या पुढून. हे बघायला गोरेही कडेला उभे राहायचे. १९५६ मध्ये टॅलाहॅसीत याच विद्यापीठाच्या दोन मुली बसमध्ये गोऱ्यांच्या शेजारी बसल्या म्हणून त्यांना अटक झाली आणि गावातल्या काळ्यांनी महिनोन्‌महिने बसवर बहिष्कार घातला. त्याच दिवसांत बँडचा सराव चालू होता. एक पाय उचलायचा, मांडी समांतर, पाठ ताठ. त्या ताठ पाठीचा अर्थ मैदानाबाहेरही लागत होता.

मग १२ जानेवारी १९६९. मायामीचं ऑरेंज बाऊल मैदान, तिसरा सुपर बाऊल. अमेरिकेतला सगळ्यात मोठा सामना. त्याच्या मध्यंतरात मैदानाच्या मधोमध उभा होता फॉस्टर यांचा बँड, आणि सगळा देश टीव्हीवर बघत होता. काळ्या संचालकाला नोकरी नाही असं ज्या माणसाला सांगितलं होतं, त्याचा. १९८५ साली त्यांना सडलर ट्रॉफी मिळाली, तिकडच्या कॉलेज बँडचा सर्वोच्च मान. देशातल्या नामवंत बँड संचालकांच्या संघटनेचे ते अध्यक्षही झाले. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीच्या संचलनात त्यांचा बँड गेला. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण मला पॅरिसला पोचायचं आहे.

१४ जुलै १९८९. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली. पॅरिसच्या शाँझेलिझे या रुंद रस्त्यावर रात्री जगभरातल्या कलावंतांची मिरवणूक. अमेरिकेकडून कोण? लष्करी बँड नाही, कुठलं श्रीमंत विद्यापीठ नाही. टॅलाहॅसीच्या काळ्या विद्यार्थ्यांचा बँड. आणि ते त्या रस्त्यावरून जेम्स ब्राऊन या काळ्या अमेरिकन गायकाच्या चालीवर वाजवत गेले, मधेच उलटं सरकत, पाय पुढं जातायत असं वाटावं आणि माणूस मागं जावा, अशा मूनवॉकच्या पावलांनी. वरातीपुढे आबा उलटं चालायचे ते वादकांकडे तोंड हवं म्हणून. त्याचा नाच करता येतो हे मला तेव्हा सुचायला हवं होतं! फॉस्टर तेव्हा सत्तरीत पाऊल टाकत होते.

माझा एक भाचा टॅलाहॅसीत इंजिनिअरिंग शिकत होता. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे गेलो आणि ब्रॅग स्टेडियममध्ये एक सामना बघितला. फॉस्टर तेव्हा हयात नव्हते, २०१० च्या ऑगस्टमध्ये ते गेले. नारिंगी आणि हिरवे कोट, दुपारचं दमट ऊन, आमच्या मे महिन्यासारखं. खेळ मला काही कळला नाही. पण मध्यंतर जवळ आलं तशी एक गोष्ट दिसली, माणसं उठून बाहेर जायची ती परत आत येऊन बसायला लागली. बाया पर्समधून रुमाल काढून तयार. भाचा म्हणाला, 'मामा, इथं चहापाणी खेळ चालू असताना उरकतात, बँड चालू असताना नाही.' मग ती तीन सेकंदांची पावलं सुरू झाली. एवढी माणसं आणि आवाज नाही. एकच ड्रम. माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते, त्यांचा उजवा गुडघा बसल्या जागी ठेक्यावर वर उचलला जात होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी विचारलं नाही, पण ते कोणत्या सालचे वादक असतील याचा मी मनाशी अंदाज करत राहिलो.

एक दुःखाची गोष्ट सांगायलाच हवी. ती टाळून या बँडचं कौतुक केलं तर ते खोटं होईल. नोव्हेंबर २०११ मध्ये, फॉस्टर गेल्यानंतर सव्वा वर्षानं, ऑर्लँडोत एका सामन्यानंतर बँडच्या बसमध्ये सहकाऱ्यांनी केलेल्या मारहाणीत बँडचा एक ड्रम मेजर मरण पावला. नव्यांना आणि आपल्यातल्यांना 'पक्कं' करण्याच्या नावाखाली चालणारा छळ, ज्याला आपण रॅगिंग म्हणतो. मुलांवर खटले झाले, शिक्षा झाल्या, बँड जवळजवळ दोन वर्षं बंद ठेवला गेला आणि २०१३ मध्ये नव्या नियमांनिशी मैदानात परतला. मी ते वाचलं तेव्हा माझ्या शाळेतल्या सरावाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. मोठ्या मुलांनी छोट्यांना 'शिस्त लावायची' मुभा मीही दिलेली होती. उन्हात उभं कर, दोन फेऱ्या मार. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते बंद केलं, आणि त्यातल्या दोन माजी विद्यार्थ्यांना घरी बोलावून त्यांची माफी मागितली. एका पायावर तीन सेकंद उभं राहायला शिकवणं आणि कुणाला पायाखाली घालणं, यांतलं अंतर मास्तरांनी रोज मोजायचं असतं. ते मैदानावरच्या रेघांसारखं कुणी आखून देत नाही.

फॉस्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा घेतली त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. त्या संगीत इमारतीवर आज फॉस्टर यांचं नाव आहे. मी तिच्या पायऱ्यांवर बसून आलो. आत कुणीतरी क्लॅरिनेटवर एकच सूर लावत होतं, चुकत होतं, परत लावत होतं. दार उघडं होतं.

आता त्या वाटेविषयी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावातल्या मुलामुलींचा एक छोटा बँड करतो. एकवीस जण आहेत. काही हलगीवाल्यांच्या घरातले, काही वाण्याच्या, एक डॉक्टरीणबाईंची लेक. पोरी अकरा. ढोलावर सगळ्यात लहान पोरगी आहे, सातवीतली, ढोल तिच्याहून मोठा दिसतो. आबांचं क्लॅरोनेट एका मुलाकडे आहे. त्याच्या चाव्यांच्या गाद्या बदलल्या, बाकी नळी तीच. गेले चार महिने ही मुलं एकच गोष्ट शिकतायत, तीन सेकंदांत एक पाऊल. रोज संध्याकाळी तालमीच्या पटांगणात. दोनदा पडली, एकदा रडली, पण शिकली.

तास-सव्वा तास झाला, ती मुलं या सभागृहाच्या दाराबाहेर उभी आहेत. माझं बोलणं त्यांना लाउडस्पीकरवर ऐकू येतंय. मी त्यांना सांगितलंय, आरोळी आली की बाहेरून वाजवायचं नाही.

दाराशी कोण आहे? जरा दोन्ही फळ्या उघडा. पुढच्या रांगेतल्यांनी पाय आत घ्या, पावलाला जागा लागते. हं.

वाजवा रे, वाजवत आत या.